क्षयरोगाचे जैव निदर्शक

शरीरातील एखादा पदार्थ, कोशिका, सूक्ष्मजंतू किंवा प्रतिक्रिया यांचे मोजमाप करून क्षयरोगाचा संसर्ग, प्रत्यक्ष रोग अथवा उपचारांचा परिणाम यांविषयी अनुमान काढता येत असेल, तर त्या खुणेस क्षयरोगाचा जैव निदर्शक म्हणतात. थुंकीत दिसणारे क्षयजंतू, जंतूंचे न्यूक्लिइक अम्ल, त्यांच्या आवरणातील रासायनिक घटक, रक्तातील प्रतिपिंडे, त्वचेवर उमटणारी गाठ, रक्तातील तांबड्या कोशिकांचा अवसादन वेग, एवढेच नव्हे तर रुग्णाचे वजन, या सर्वांचा समावेश या संज्ञेत होतो. संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागील कल्पना १८८२ पासूनची आहे.

निदर्शकाकडून तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे अपेक्षित असतात. क्षयजंतूंचा शरीराशी कधी काळी संपर्क आला होता काय, हा पहिला प्रश्न; आज रोग आहे काय, हा दुसरा; आणि उपचार चालू असता जंतू मरत आहेत काय, हा तिसरा. एका प्रश्नाचे उत्तर देणारी खूण दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर देईलच असे नाही. क्षयरोगनिदानाच्या इतिहासातील बहुतेक निराशांचे मूळ या तीन प्रश्नांची गल्लत करण्यात सापडते. संसर्ग व रोग यांतील अंतर भारतात विशेष मोठे आहे. २०१९–२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरील लोकसंख्येपैकी सु. ३१ टक्के लोकांना क्षयजंतूंचा संसर्ग झालेला आढळला. परंतु जंतू सापडून निश्चित झालेला फुप्फुसांचा क्षय याच वयोगटातील दर लाख लोकांत सु. ३१६ जणांनाच होता. म्हणजे संसर्ग झालेल्या सु. शंभर व्यक्तींमागे एक व्यक्ती पाहणीच्या वेळी रुग्ण होती. केवळ संसर्ग ओळखणारी परीक्षा अशा समाजात निरोगी माणसांनाच रुग्ण ठरविण्याचा धोका संभवतो.

जंतूचे दर्शन : रोबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूंचा शोध जाहीर केला. पाउल एर्लिख यांनी लगेच रंजनाची पद्धत सुधारली व फ्रांट्स झील आणि फ्रीड्रिख नील्सेन यांनी तिला आजचे रूप दिले. क्षयजंतूच्या मेणचट आवरणात एकदा शिरलेला तांबडा रंग अम्लाने धुतला तरी निघत नाही. त्यामुळे निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काड्यांसारखे जंतू सूक्ष्मदर्शकातून ओळखता येतात. ही पद्धत स्वस्त आहे. शिवाय तिने सापडणारा रुग्ण बहुधा इतरांना संसर्ग पोहोचविणारा असतो. तिची मर्यादा अशी, की एक मिलि. थुंकीत सु. ५,००० ते १०,००० जंतू असल्याशिवाय ते सहसा दिसत नाहीत. मुले, एचआयव्हीबाधित रुग्ण आणि फुप्फुसांबाहेरील क्षय यांत ती पुष्कळदा निष्फळ ठरते. जंतूंचे संवर्धन (कृत्रिम माध्यमात केलेली वाढ) तिच्याहून पुष्कळच संवेदनशील आहे. परंतु क्षयजंतूंची वाढ अतिशय मंद असल्याने घन माध्यमावर उत्तर मिळण्यास सहा ते आठ आठवडे लागू शकतात.

निदान झाले म्हणजे रुग्ण वाचला, असे त्या काळी नव्हते. अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) कॉख यांच्या शोधानंतर पाच वर्षांतच पुण्यात क्षयाने निधन पावल्या. जंतू ओळखता येत होता, पण त्याला मारणारे औषध उपलब्ध होण्यास आणखी सु. साठ वर्षे जावी लागली. या दीर्घ मध्यंतरात निदर्शकाचा उपयोग मुख्यत्वे रोगाची वाटचाल पाहण्यापुरता राहिला.

त्वचेवरील प्रतिक्रिया : १८९० मध्ये कॉख यांनी क्षयजंतूंच्या अर्कापासून बनविलेले ट्युबरक्युलिन हे द्रव्य औषध म्हणून पुढे मांडले. औषध म्हणून ते अपयशी ठरले. पण ज्यांना संसर्ग झालेला आहे त्यांची त्वचा त्यास प्रतिसाद देते, हे ध्यानात आले. क्लेमेन्स फोन पीर्के यांनी १९०७ मध्ये या गुणाचा निदानासाठी वापर केला व शार्ल माँतू यांनी त्यानंतर अंतःत्वचीय अंतःक्षेपणाची पद्धत रूढ केली. हातावर सुई टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांनी उठलेल्या गाठीचा व्यास मोजतात. माँतू परीक्षा या नावाने ती महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. मात्र ती पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देते व तेही संदिग्ध. कारण बीसीजी लस टोचलेल्या अथवा वातावरणातील निरुपद्रवी दंडाणूंशी संपर्क आलेल्या व्यक्तींतही गाठ उठू शकते. उलट गंभीर आजारी किंवा कुपोषित रुग्णात रोग असूनही ती उठत नाही.

आरोग्यधामांचा काळ : औषधे नसताना मोकळी हवा, विश्रांती व सकस आहार यांवर भर देणारी आरोग्यधामे यूरोप-अमेरिकेप्रमाणे भारतातही निघाली. दक्षिण महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे मिरजेजवळील वानलेसवाडी. १८८९ मध्ये भारतात आलेले मिशनरी शल्यचिकित्सक विल्यम वानलेस यांनी मिरज येथे रुग्णालय उभारले व पुढे १९२० च्या सुमारास क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम सुरू झाले. कोल्हापूर, सांगली व लगतच्या कर्नाटकातील रुग्णांना ते सोयीचे होते. अशा संस्थांतून रुग्णाच्या प्रगतीची नोंद तापमानाचा आलेख, वजन, क्ष-किरण चित्र आणि तांबड्या कोशिकांचा अवसादन वेग यांच्या आधारे ठेवण्याचा प्रघात असे. रोब्येर्ट फोरेयस यांनी १९१८ च्या सुमारास वर्णिलेला व पुढे आल्फ वेस्टरग्रेन यांनी प्रमाणित केलेला हा अवसादन वेग शरीरातील दाहाबरोबर वाढतो व दाह ओसरला की उतरतो. तथापि संधिवात, अन्य संसर्ग, पांडुरोग यांतही तो वाढत असल्याने एकट्या त्यावरून क्षयाचे निदान करता येत नाही. ईएसआर या नावाने तो आजही परिचित असून त्यावर भिस्त ठेवून क्षयाची औषधे सुरू करणे शास्त्रसंमत नाही.

आरोग्यधामांचे महत्त्व कमी होण्यास भारतातील एका प्रयोगाचा मोठा हातभार लागला. मद्रास येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या क्षयरोग रसायनचिकित्सा केंद्राने रुग्णांचे दोन गट केले. एका गटास आरोग्यधामात व दुसऱ्यास दाटीवाटीच्या वस्तीतील राहत्या घरी तीच औषधे देण्यात आली. दोन्ही गटांचे निष्कर्ष जवळपास सारखेच आले (१९५९). या निर्णयाचा आधार प्रामुख्याने थुंकीच्या संवर्धनाचा व क्ष-किरण चित्रांचा होता. थुंकीतील जंतू नाहीसे होणे, म्हणजेच तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, ही उपचारांच्या यशाची प्रमाणभूत खूण म्हणून मान्य झाली. भारताच्या १९६२ मधील राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची बैठकही घरी राहून घ्यावयाच्या उपचारांवर आणि थुंकीच्या परीक्षेवर आधारलेली होती.

वस्त्रनगरीतील प्रश्न : निदर्शकाचे मोल प्रयोगशाळेत ठरत असले, तरी त्याची खरी कसोटी श्रमिकांच्या वस्तीत लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे पंचगंगेकाठचे शहर त्याचे बोलके उदाहरण आहे. घोरपडे घराण्याच्या या जहागिरीत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे घराघरांतून व लहानमोठ्या शेडांतून यंत्रमाग पसरले आणि हे गाव महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२२ मध्ये तेथे महानगरपालिका स्थापन झाली. स्थानिक कामगारांबरोबरच कर्नाटकातून व उत्तर भारतातून आलेले कामगारही तेथे माग चालवितात.

क्षयरोगाच्या दृष्टीने अशा व्यवसायात तीन अडचणी एकत्र येतात. सूत तुटू नये यासाठी विणकामाच्या जागी दमट हवा हितावह असते. त्यामुळे वारा खेळता ठेवण्याकडे दुर्लक्ष होते आणि बंदिस्त हवेत खोकल्यातून उडालेले सूक्ष्म बिंदू दीर्घकाळ तरंगत राहतात. दुसरी अडचण धुळीची. कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस हा श्वसनविकार कापूस पिंजण्याच्या व कातण्याच्या खात्यांत अधिक आढळतो. विणकामात धूळ तुलनेने कमी असली, तरी सुताचे तंतू व खळीची भुकटी यांमुळे घसा खवखवणे व खोकला या तक्रारी संभवतात. बिसिनोसिसमध्ये साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरून येते, हा एक भेद असला, तरी जुनाट झालेल्या विकारात तो पुसट होतो. परिणामी दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, जो क्षयाचा पहिला इशारा समजला जातो, तोच ‘धंद्याचा खोकला’ म्हणून अंगवळणी पडण्याची शक्यता असते. तिसरी अडचण मजुरीची. विणलेल्या कापडाच्या मोजमापावर मजुरी ठरत असल्यास प्रत्येक खाडा थेट मिळकतीतून वजा होतो. थुंकी देण्यासाठी एक, निकालासाठी दुसरा व पुन्हा तपासणीसाठी तिसरा अशा खेपा घालाव्या लागल्या, तर कामगार मध्येच तपासणी सोडून देतो. म्हणून येथे निदर्शक अचूक असणे पुरेसे नाही. त्याचे उत्तर त्याच दिवशी व वस्तीजवळ मिळणे तितकेच अगत्याचे ठरते.

विणकाम आणि क्षय यांचा संबंध अन्यत्रही चर्चिला गेला आहे. जुन्या पद्धतीच्या धोट्यात नवी कांडी घातल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून छिद्रातून बाहेर काढीत. एकच धोटा अनेक विणकरांच्या तोंडी लागत असल्याने क्षयाचा फैलाव होईल, या भीतीमुळे अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यांस कायद्याने बंदी घातली. क्षय मुख्यत्वे हवेतून पसरतो हे पुढे स्पष्ट झाले. तरी कामाची पद्धत व आजार यांची सांगड घालणारा तो एक प्रारंभीचा निर्णय होय.

रक्तपरीक्षांचा अध्याय : थुंकी न देऊ शकणाऱ्या रुग्णात रक्ताच्या थेंबावरून क्षय ओळखता यावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. १९७० नंतर एंझाइमाच्या साहाय्याने प्रतिजन व प्रतिपिंड यांचे मोजमाप करणारी एलायझा पद्धत उपलब्ध झाली आणि तिने या संशोधनास वेग आला. महाराष्ट्रात वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९६९) बी. सी. हरिनाथ व त्यांचे सहकारी यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ काम केले. क्षयजंतूंच्या संवर्धनद्रवातून त्यांनी ईएस-३१ नावाचा प्रतिजन वेगळा केला व त्याच्या आधारे रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे, तसेच रक्तात फिरणारा प्रतिजन मोजण्याच्या ‘सेवा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एलायझा परीक्षा तयार केल्या. फुप्फुसांबाहेरील क्षयात व उपचारांच्या पाठपुराव्यात त्यांचा उपयोग होतो काय, याचाही तेथे अभ्यास झाला. ग्रामीण रुग्णालयात बसून स्थानिक गरजेसाठी निदर्शक शोधण्याचा तो लक्षणीय प्रयत्न होता.

या प्रयत्नांना समांतर अशी बाजारपेठ मात्र वेगळ्या दिशेने वाढली. निरनिराळ्या कंपन्यांचे प्रतिपिंड-परीक्षा संच खाजगी प्रयोगशाळांतून मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले. भारतात दरवर्षी अशा सु. १५ लाख परीक्षा होत असाव्यात असा अंदाज २०१० च्या सुमारास व्यक्त करण्यात आला. प्रतिपिंड हे मुख्यतः भूतकाळातील संपर्काचे स्मरण असते. जेथे जवळपास एक तृतीयांश प्रौढांना संसर्ग झालेला आहे, तेथे ते आजच्या रोगाचा पुरावा होऊ शकत नाही. उपलब्ध अभ्यासांची छाननी करता या संचांचे निष्कर्ष अविश्वसनीय व परस्परविसंगत आढळले. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०११ मध्ये प्रतिपिंडांवर आधारित व्यापारी परीक्षा वापरू नयेत असे स्पष्टपणे सांगितले. भारत सरकारने जून २०१२ मध्ये क्षयाच्या रक्तरसपरीक्षा संचांची आयात, उत्पादन व विक्री यांवर बंदी घातली. त्याच वर्षी मे महिन्यात प्रत्येक क्षयरुग्णाची शासनास सूचना देणे बंधनकारक करण्यात आले होते. चुकीच्या निदर्शकाची किंमत दुहेरी असते : निरोगी माणूस सहा महिने विषारी परिणाम संभवणारी औषधे घेतो आणि खरा रुग्ण निर्धास्तपणे कामावर जाऊन इतरांना संसर्ग देत राहतो.

संसर्ग ओळखण्याच्या प्रश्नावर मात्र याच काळात प्रगती झाली. कोपनहेगन येथील संशोधकांनी १९९५ च्या सुमारास ईसॅट-६ हे प्रथिन वर्णिले. ते व सीएफपी-१० ही प्रथिने क्षयजंतूत असतात, पण बीसीजी लशीच्या जंतूत नसतात. रुग्णाच्या रक्तातील लसीका कोशिका या प्रथिनांच्या संपर्कात आल्यावर गॅमा इंटरफेरॉन हा पदार्थ सोडतात काय, हे पाहणाऱ्या परीक्षा त्यातून निघाल्या. हीच प्रथिने वापरणारी ‘साय-टीबी’ ही त्वचापरीक्षा कोपनहेगन येथे विकसित होऊन पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे आली व २०२२ मध्ये तिला भारतात मान्यता मिळाली. माँतू परीक्षेतील बीसीजीमुळे होणारा घोटाळा तिने टळतो. पण संसर्ग व रोग यांतील भेद तिलाही सांगता येत नाही. तिचा खरा उपयोग रुग्णाच्या घरातील निरोगी व्यक्तींना प्रतिबंधक औषध द्यावे काय, हे ठरविण्यात आहे.

जनुकीय परीक्षा : क्षयजंतूच्या संपूर्ण जनुकसंचाची मांडणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. थुंकीतील जंतूंच्या डीएनएचा विशिष्ट भाग अनेक पटींनी वाढवून ओळखण्याच्या पद्धती त्यापूर्वीच ज्ञात होत्या. त्यांना बंदिस्त नळीत व दोन तासांत उत्तर देणाऱ्या यंत्राचे रूप मिळाले, तेव्हा त्या व्यवहारात आल्या. अशा जीनएक्स्पर्ट यंत्रास जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. भारतात ही परीक्षा सीबीनॅट या नावाने रूढ आहे. सूक्ष्मदर्शकास लागणाऱ्या जंतूंच्या तुलनेत अत्यल्प, म्हणजे मिलि.मागे सु. १३०, जंतूंवर ती भागते. शिवाय रिफॅम्पिसीन या प्रमुख औषधास जंतू दाद देणार नाहीत काय, हेही ती सांगते. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या सर्व औषधांस दाद न देणाऱ्या जंतूंचे रुग्ण नोंदविले, तेव्हा औषधप्रतिकार त्वरित ओळखण्याची निकड साऱ्या देशाला जाणवली.

जीनएक्स्पर्टला वातानुकूलन व अखंड वीज लागत असल्याने ते बहुधा मोठ्या रुग्णालयापुरते राहिले. ही उणीव गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट या विजेरीवर चालणाऱ्या लहान यंत्राने बऱ्याच अंशी भरून काढली. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. प्राथमिक आरोग्य केंद्रातही बसविता येणारे हे यंत्र यंत्रमाग वस्त्यांसारख्या ठिकाणी विशेष उपयुक्त होय. तथापि या परीक्षांना एक महत्त्वाची मर्यादा आहे. मेलेल्या जंतूंचा डीएनएही काही काळ थुंकीत टिकून राहत असल्याने त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उत्तम देतात, तिसऱ्याचे नाही. म्हणून उपचारांच्या पाठपुराव्यासाठी शतकापूर्वीची सूक्ष्मदर्शक परीक्षा व संवर्धन यांचाच आश्रय घ्यावा लागतो. लवकर नाश पावणारे आरएनए मोजून जिवंत जंतूंचा भार ठरविण्याचे प्रयोग याच कारणाने हाती घेण्यात आले.

थुंकीवाचून निदान : थुंकी न मिळणाऱ्या रुग्णांसाठी इतर द्रवांतील निदर्शक उपयोगी पडतात. परिफुफ्फुसात (फुप्फुसावरील आवरणात) पाणी झाल्यास त्यातील ॲडेनोसीन डीअमिनेज या एंझाइमाचे वाढलेले प्रमाण क्षयाकडे निर्देश करते. जंतूच्या आवरणातील लिपोॲराबिनोमॅनन हा घटक लघवीत ओळखणारी पट्टी एचआयव्हीबाधित गंभीर रुग्णांसाठी २०१५ पासून शिफारशीत आहे. रक्तातील पांढऱ्या कोशिकांमध्ये कोणती जनुके क्रियाशील आहेत, यावरून रोगाचा पूर्वअंदाज घेण्याचा प्रयत्नही झाला. दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासातून २०१६ मध्ये १६ जनुकांची एक खूण प्रसिद्ध झाली. रोग प्रकट होण्यापूर्वीच्या वर्षभरात ती सु. दोन तृतीयांश भावी रुग्णांत आढळली. परंतु अशाच एका जनुकीय खुणेवरून निवडलेल्या लोकांस प्रतिबंधक औषध देऊनही रोग टळत नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. खूण खरी असणे आणि तिच्यावर विसंबून केलेला उपाय गुणकारी असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्यावरून स्पष्ट होते.

साधे निदर्शक : नव्या परीक्षांच्या झगमगाटात जुन्या व साध्या खुणांचे महत्त्व कमी झालेले नाही. उपरोक्त राष्ट्रीय पाहणीत आढळलेल्या रुग्णांपैकी सु. ४३ टक्के रुग्ण छातीचे क्ष-किरण चित्र काढले नसते, तर निसटले असते. त्यांना सांगण्याजोगी लक्षणेच नव्हती. लक्षणे असलेल्यांपैकी सु. ६४ टक्के लोकांनी उपचारांसाठी धावच घेतली नव्हती. झारखंडमध्ये झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोषणविषयक अभ्यासात, पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सु. ६१ टक्क्यांनी कमी आढळला. वजनकाटा हे प्रत्येक दवाखान्यात उपलब्ध असलेले साधन तिसऱ्या प्रश्नाचे अंशतः उत्तर देते आणि रुग्णाच्या घरात पुरेसे अन्न पोहोचते किंवा नाही, हेही त्याच वेळी उघड करते.

इचलकरंजीसारख्या श्रमिकांच्या नगरात यावरून निघणारा क्रम स्पष्ट आहे : खोकला असो वा नसो, छातीचे क्ष-किरण चित्र, संशय आल्यास त्याच दिवशी थुंकीची जनुकीय परीक्षा, घरातील व एकाच शेडमध्ये काम करणाऱ्या निकटच्या व्यक्तींची संसर्गपरीक्षा, आणि उपचार चालू असता थुंकी व वजन यांची नियमित नोंद. या क्रमातील प्रत्येक निदर्शकास त्याला झेपणारा एकच प्रश्न विचारलेला आहे. मजुरी बुडेल या भीतीने कामगाराने तपासणीच टाळली, तर त्यांपैकी कोणताही निदर्शक उपयोगी पडत नाही.